कोंबडीलाही श्रेय द्या की साहेब

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मेंदूच्या पेशी चमकताना दिसतात अशी बातमी वाचली, बरं वाटलं, पण सगळं श्रेय जेलीफिशला देऊन टाकलंय ते काही पटलं नाही. मी जिंतूर तालुक्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतो, पोरं सोमवारी तो कागद घेऊनच वर्गात आली म्हणून लिहितोय.

जेलीफिशचं जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन म्हणजे नुसता दिवा आहे हो. मेंदूची पेशी काम करते तेव्हा तिच्या पडद्यावरचं व्होल्टेज बदलतं, आणि ते कळतं ते दुसऱ्याच प्रोटीनला. पेशीच्या पडद्यात त्याचे चार दांडे असतात, चौथ्यावर प्लस चार्ज, व्होल्टेज बदललं की तो सरकतो आणि दिव्याचा उजेड हलतो. आमच्याकडं मोटार चालू केली की व्होल्टेज पडून बल्ब मिणमिणतो, यातल्या बऱ्याच प्रोटीनात उलटं, व्होल्टेज चढलं की दिवा मंद! आणि सगळा खेळ शंभरेक मिलीव्होल्टचा, तोही एक-दोन मिलिसेकंदात.

आता हे दांडे कुणाचे? 1997 ला फळमाशीचं, असेच दांडे असलेलं पोटॅशियम चॅनेल (पडद्यातलं पोटॅशियमचं दार) वापरून बघितलं, बेडकाच्या अंडपेशीत चाललं पण सस्तन प्राण्यांच्या पेशीत ते पडद्यापर्यंत नीट पोचेचना. मग 2005 ला जपानी शास्त्रज्ञांनी सिओना नावाच्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या पिशवीसारख्या समुद्री जीवात हेच चार दांडे एका एन्झाइमला जोडलेले दाखवले, पुढं एन्झाइम काढून तिथं दिवा बसवला आणि 2012 ला आर्कलाइट नावाचं व्होल्टेज दाखवणारं प्रोटीन आलं. 2014 च्या एसॅप नावाच्या अशाच प्रोटीनमध्ये दांडे चक्क कोंबडीचे, हे सांगितलं तर अख्खा वर्ग हसला. पण गंमत नाही ती, दांडे तेच असले तरी प्रत्येक जीवात किती व्होल्टला सरकायचं, किती जोरात सरकायचं हे वेगळं असतंय. सिओनाच्या चौथ्या दांड्यातलं 217 नंबरचं आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल बदललं तरी हिशोब सरकतो!

अजून एक प्रोटीन मृत समुद्रातल्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवाचं आहे, ते दांडा आणि दिवा दोन्ही स्वतःच, फक्त उजेड लई कमी, लेझर जोरात मारावा लागतो. 2020 ला आपल्या शेजारचं लोणार गुलाबी झालं होतं ना, ते याच भाऊबंदांमुळं.

आणि ‘आता विचार वाचता येणार’ हे शीर्षक कुणी दिलं? आधी त्या पेशीत या प्रोटीनचा जीन घालावा लागतो, हे काम चालतं ते मुख्यतः उंदीर, मासे आणि फळमाश्यांवर.

पुढच्या वेळी चित्र छापाल तेव्हा जेलीफिशशेजारी एक कोंबडी काढा, पोरांनी खास सांगायला लावलंय.

आपला,
एक शिक्षक, ता. जिंतूर, जि. परभणी