तळटीप आहे, पण मधल्या पायऱ्या कुठे आहेत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात इतिहासावरचे लेख येतात, मग त्यावर उलटसुलट पत्रं येतात, आणि वाद दरवेळी एकाच ठिकाणी अडकतो, की हे कशावरून? लेखक म्हणतो पुरावा आहे, समोरचा म्हणतो माझ्याकडे पण आहे, आणि दोघंही फक्त ग्रंथाचं नाव आणि पान नंबर फेकून मोकळे. मी इतिहास शिकवतो म्हणून याबद्दल जरा लांबट लिहितोय, कापाकापी करायची तर करा.

"नामूलं लिख्यते किंचित्" हे कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाचं वचन आम्ही इतिहासवाले मोठ्या अभिमानाने सांगतो. आधाराशिवाय काही लिहायचं नाही, तत्त्व झकासच आहे. पण आता जुना कागद आणि छापलेलं वाक्य यांच्या मध्ये एक अख्खा कॉम्प्युटर येऊन बसलाय आणि त्याचा उल्लेख कुठेच नसतो. संशोधक घरी बसून डेटाबेसमध्ये एक शब्द टाकतो, चाळीस रिझल्ट येतात, त्यातले सहा वाचतो आणि तळटीप मात्र अशी देतो की जणू दफ्तरात बसून धूळ खात अख्खी फाईल चाळली. कोणता शब्द टाकला, कुठे टाकला, किती सापडलं, किती सोडून दिलं, याचा पत्ताच नाही. गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं आणि पायऱ्या दाखवल्या नाहीत तर आपण मार्क कापतो, इथे मात्र डॉक्टरेट मिळते.

आणि याचा परिणाम होतो, हे काय माझं रडगाणं नाही. कॅनडातले इतिहासकार इयन मिलिगन यांनी तिथल्या पीएचडी प्रबंधांच्या तळटीपा मोजल्या आणि २०१३ मध्ये छापलं. टोरांटो स्टार या वर्तमानपत्राचे उल्लेख १९९८ च्या प्रबंधांमध्ये ७४ होते, २०१० मध्ये ७५३, आणि प्रबंधांची संख्या दोन्ही वर्षी जवळपास तेवढीच. म्हणजे तो पेपर अचानक दहापट महत्त्वाचा झाला का? नाही, तो ऑनलाइन शोधता यायला लागला एवढंच. जी वर्तमानपत्रं स्कॅन झाली नव्हती ती मागे पडली. आता सांगा, तळटीपेत फक्त पेपरचं नाव आणि तारीख असेल तर वाचकाला हे कसं कळणार?

त्यात ओसीआरची गंमत वेगळीच. मशीन स्कॅनवरून अक्षरं वाचतं आणि चुकीचं पण वाचतं. जुन्या इंग्रजी छपाईत एस अक्षर लांब काढायचे, मशीनला ते एफ वाटतं, झालं, अख्ख्या शतकातले असे कितीतरी शब्द सर्चमध्ये सापडतच नाहीत. आणि मग कोणीतरी छातीठोक लिहितो की या काळात ह्या गोष्टीचा उल्लेखच आढळत नाही! आढळत नाही की शोधता येत नाही, हे आधी बघा ना राव. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचं उदाहरण मला म्हणून आवडतं, १६७४ ते १९१३ मधले जवळपास दोन लाख खटले त्यांनी नेटवर फुकट ठेवलेत, आणि कुठल्या वर्षापर्यंतचा मजकूर दोनदा हाताने टाईप करून ताडून पाहिलाय आणि कुठून पुढे एकदा हाताने आणि एकदा ओसीआरने केलाय, तेसुद्धा लिहून ठेवलंय. अटलांटिकवरच्या गुलामांच्या व्यापाराचा डेटाबेस पण तसाच, ३६ हजारांवर जहाजफेऱ्या, डाउनलोड करून घ्या, आणि कोणता आकडा कागदातला आणि कोणता संशोधकांनी अंदाजाने भरलाय हे वेगळं दाखवलेलं. सव्वा कोटी लोक आफ्रिकेतून नेले गेले हा जो आकडा आपण वाचतो तो अंदाज आहे हे ते स्वतःच सांगतात. त्याने त्यांची विश्वासार्हता कमी होत नाही, उलट वाढते.

आता लपवलं तर काय होतं ते पण बघा. अमेरिकेत २००० साली बंदुकांच्या इतिहासावर एक पुस्तक आलं, सुरुवातीच्या काळात तिथे बंदुका फारशा नव्हत्याच असा दावा, आधार म्हणजे मेलेल्या माणसांच्या मालमत्तेच्या याद्या. त्याला बॅनक्रॉफ्ट हे मानाचं पारितोषिक मिळालं. लोकांनी मोजणी मागितली तर उत्तर काय, की टिपणं ऑफिसात पाणी शिरलं त्यात गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या याद्या वापरल्या म्हणून सांगितलं त्या १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीतच गेल्या होत्या असं निघालं. २००२ मध्ये पारितोषिक परत घेतलं. साधी एक एक्सेल शीट पहिल्या दिवसापासून उघडी असती तर एवढं सगळं झालंच नसतं.

उलट बाजू पण आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये देशांच्या कर्जाचा इतिहास मांडला, कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ बसते, हे सरकारांनी उचलून धरलं. थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला होमवर्क होतं, कुठलाही एक पेपर घ्या आणि आकडे परत काढून दाखवा. त्याचे आकडे जुळेनात. त्याने शीट मागितली, त्यांनी दिली (याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे), आणि निघालं की सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देश घ्यायचेच राहिलेत. त्याशिवाय काही वर्षं गाळलेली आणि सरासरी काढायची पद्धतही वादाची. सगळं धरून ९० टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आली. एका होमवर्कने हे केलं! आमच्या वर्गात होमवर्क काय असतो, तर "कारणे व परिणाम लिहा".

साधनं नाहीत असं कोणी म्हणू नये. झोटेरो २००६ पासून फुकट आहे, संदर्भ नीट ठेवतं. कागदांच्या फोटोंसाठी ट्रॉपी आहे, नाहीतर मोबाईलच्या गॅलरीत हजार फोटो आणि कुठला कुठल्या फाईलचा ते देवाला माहीत. ओपनरिफाइनमध्ये एकाच माणसाच्या नावाची पाच स्पेलिंगं एकत्र केली की त्या प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते आणि ती नोंद दुसऱ्याला देता येते, म्हणजे साफसफाईच्या नावाखाली काय उडवलं ते उघड. तक्ता कायमचा ठेवायला झेनोडो आहे, युरोपातली सर्न ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा चालवते, डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो. शिकायचं तर प्रोग्रॅमिंग हिस्टॉरियन नावाच्या वेबसाइटवरचे धडे फुकट. फुकट आहे म्हणजे खुलं असतंच असं नाही हेही सांगतो, आत काय चाललंय ते दिसत नसेल तर ते टूल फुकट असलं तरी काय कामाचं. चॅटबॉटला विचारून संदर्भ घेणाऱ्यांनी तर निदान तसं लिहावं, कारण तो नसलेली पुस्तकंसुद्धा पान नंबरासकट देतो.

लोक म्हणतात सगळं उघडं केलं तर दुसरा कोणी माझी मेहनत पळवेल. भीती खरी आहे, वर्षानुवर्षं दफ्तरात घालवलेल्या माणसाला मी हसणार नाही. पुस्तक येईपर्यंत ठेवा ना झाकून. पण पुस्तक आल्यावर कशाला? हयात माणसांची माहिती, कॉपीराइट, एखाद्या समाजाच्या पवित्र गोष्टी, हे अपवाद राहतीलच, पण मग "हे देता येत नाही, या कारणामुळे" एवढी एक ओळ लिहा.

तुमच्याकडून एक मागणी. छापील पेपरात जागा नसते हे मान्य. पण इतिहासावरचा लेख वेबसाइटवर टाकाल तेव्हा खाली लेखकाकडून तीन गोष्टी घ्या, मूळ कागदाची किंवा स्कॅनची लिंक, कुठे आणि काय शब्द टाकून शोधलं ते, आणि आकडे असतील तर त्याची शीट. जो देणार नाही त्याच्या लेखाखाली "लेखकाने दिले नाही" असं छापा. मी पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यातलाच एक लेख देईन आणि सांगेन, परत काढून दाखवा.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक