आप्पा, ते पैसे तुमचेच आहेत

ती. आप्पा आणि सौ. आई यांस,
सा. नमस्कार.

आप्पा, लढाईतल्या जखमेची तुमची पेन्शन वाढवून घ्यायला अर्ज करू या, असं मी परवा फोनवर म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "सरकारकडं हात पसरायला मी काय भिकारी हाय का?" आणि फोन आईकडं दिलात. तुमच्याशी तोंडावर वाद घालणं मला जमत नाही, म्हणून कोल्हापुरातून लिहितेय. आई, हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

हात पसरायचा इथं प्रश्नच नाही. पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच डी. एस. नकारा यांच्या खटल्यात सांगितलंय. तुमचं तर त्याच्याही पुढचं. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात तुमच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीनं जमालपूरची वाट अडवून धरली, तेव्हा तुमच्या मांडीत गोळी शिरली. मेडिकल बोर्डानं ४० टक्के अपंगत्व लिहिलं आणि ऐन विशीत तुम्हाला घरी पाठवलं. त्याच पायानं रात्री-अपरात्री उसाला पाणी पाजून तुम्ही आम्हाला शिकवलंत.

आता नियम बघा. लढाईत जखमी होऊन घरी आलेल्या जवानाचं अपंगत्व ५० टक्क्यांहून कमी असलं, तरी पेन्शनसाठी ते ५० धरायचं. ५० ते ७५ असेल तर ७५, त्याच्या वर असेल तर १००. हा नियम १९९६ पासूनचा. त्याआधी सुटून आलेल्यांना तो द्यायला सरकार तयार नव्हतं. २०११ मध्ये कॅप्टन बुट्टर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तोही भेद काढून टाकला. तुमच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर मात्र आजही ४०च आहेत. इतकी वर्षं कुणाला हे आपणहून दुरुस्त करावंसं वाटलं नाही, याचा मला फार राग येतो.

तुम्ही म्हणता, जे परतलेच नाहीत त्यांचं काय? आप्पा, तुमचे पैसे तुम्ही सोडलेत म्हणून ते त्यांच्या घरी जात नाहीत. ते तिथंच पडून राहतात. आणि तुमच्या गुडघ्याच्या औषधासाठी आई कारखान्याच्या बिलाची वाट बघत बसते, ते मला बघवत नाही.

आई, तुझंही एक काम आहे. रेकॉर्डमध्ये तुझी जन्मतारीख नाही आणि नाव माहेरचं आहे. पुढं फॅमिली पेन्शन अडते ती अशाच गोष्टींवरून. ते याच वेळी दुरुस्त करून घेऊ.

मी इथल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून आले. अर्ज आधी बेळगावला तुमच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो, तिथून प्रयागराजला लष्कराच्या पेन्शन कार्यालयात. तिथं नाही म्हणाले, तर सैन्य न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे; तिथवर जायची माझी तयारी आहे. हयातीच्या दाखल्याची काळजी करू नका. शेतात राबून तुमच्या अंगठ्याचे ठसे पुसलेत, पण आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो निघतो. नोव्हेंबरात मी येऊन करून देईन.

शनिवारी येते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, मेडिकल बोर्डाचा कागद आणि दोघांची आधार कार्डं ट्रंकेतून काढून ठेवा. अर्ज मी लिहून आणते. आप्पा, तुम्ही तो नीट वाचा, खटकेल ते खोडा आणि मग सही करा.

तुमची,
धाकटी