बॉयलर चालू आहेत तोवर

बोखुम, जर्मनी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, ‘सोलर आलं की आमच्या बॉयलरवाल्या पोरांचं काय?’ असं म्हणून तुम्ही काल फोनवर गप्प झालात. कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलरवर असलेल्या दादाचाच विचार करत होतात ना? मला रात्री झोप लागली नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा खाणीत होते. हातांवर निळे ठिपके आहेत, जखमेत कोळशाची पूड राहून वर कातडी धरलेली. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीत दगडी कोळशावर सहा लाख माणसं होती. देशातली शेवटची दगडी कोळशाची खाण, जवळच्या बॉट्रॉपमधली, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. आजोबांची खाण त्याआधीच मिटली होती. त्यांना दुसऱ्या खाणीत घेतलं, मग पन्नाशीत भत्ता देऊन निवृत्त केलं. ‘घरी बसा’ असं कुणी म्हणालं नाही.

हे दयेपोटी झालेलं नाही. १९५१ च्या कायद्याने इथल्या कोळसा-पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या आहेत. २००७ मध्ये सरकार, कंपनी आणि युनियन यांनी मिळून शेवटचं वर्ष ठरवलं, म्हणून अकरा वर्षं हाताशी आली. तेव्हा कारण महाग कोळशाचं होतं, हवामानाचं नव्हे. लिग्नाइटचं, म्हणजे वीजकेंद्रांत जळणाऱ्या तपकिरी कोळशाचं, मात्र हवामानासाठीच ठरलं: युनियन, उद्योग आणि पर्यावरणवाले एकाच समितीत बसले, २०१९ मध्ये २०३८ ही अखेरची मुदत सुचवली. अठ्ठावन्न उलटलेल्यांना पेन्शनपर्यंत भत्ता आहे.

सगळं गोड नाही. जवळच्या गेल्झेनकिर्खेनमध्ये बेकारी आजही देशात सर्वांत जास्त असलेल्या शहरांइतकी आहे. खाणकामगार सावरला, पण त्याच्या मुलासाठी तशी नोकरी उरली नाही. मला याचीच जास्त काळजी वाटते.

बाबा, तुम्ही गेटसभेत बोलायचात तेव्हा मी तुमच्या खांद्यावर असायचे. युनियनच्या पोरांना पुन्हा भेटा. वीजसंच बंद व्हायची नोटीस लागल्यावर कुणी ऐकत नाही. बॉयलर चालू आहेत तोवर व्यवस्थापनाला लेखी विचारा, कोणता संच कधी, आणि त्याआधी कुणाला काय शिकवणार. कंत्राटी पोरं यादीत नसतील तर सही करू नका.

आई, दादाला एक जाड वही दे. नाव, काम, किती वर्षं, कुठला कंत्राटदार, एवढं लिहायला आजपासून लागू दे. गुडघ्याची गोळी विसरू नकोस.

तुमची,
मनू