आंबा घाटाच्या पायथ्याच्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

त्या दिवशी तुमचे आभार मानायला लागलो तर "चल, उन्हं चढायच्या आत घाट चढ" म्हणून तुम्ही मला गाडीत बसवलंत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. हंगामात जुनी पिकअप घेऊन घाट चढणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. "इंजिन उतरवावं लागेल" हे एक वाक्य ऐकून त्यांच्यातल्या कित्येकांची झोप उडालेली मी बघितली आहे. इंजिन न उतरवता दोष कसा शोधतात हे त्यांनाही कळू दे. नाव लिहू नकोस म्हणालात, ते मात्र पाळतो.

माझी डिझेल पिकअप जुनी, पण पोटापाण्याची. पावसला पेट्या भरायच्या, हातखंबा, पाली करत साखरपा गाठायचं, घाट चढून मलकापूरवरून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौद्याच्या आधी पोचायचं. सपाटीला तापमानाचा काटा मधोमध असायचा. साखरपा सुटून चढ लागला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली की काटा लाल पट्टीकडे सरकायला लागायचा. वर पोचून गाडी उभी केली की खाली काळ्या तेलाचे थेंब. ताडपत्रीखाली हापूस असताना गाडी घाटात उकळली तर काय होतं ते बागायतदाराला सांगायला नको. उकडलेल्या आंब्याला सौद्यात कोणी हात लावत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका ठिकाणी सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी) गेलंय, हेड उतरवून फेस मारावा लागेल, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करावा लागेल. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं) मागचं, तेल अडवणारं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. दोन्ही दोष खरे असू शकतात हे आता मला कळतं. पण दोन्हीकडे कोणी काही तपासलं नव्हतं, बॉनेट उघडून एक नजर टाकली आणि आकडा सांगितला. भर हंगामात तेवढे पैसेही नव्हते आणि तेवढे दिवसही नव्हते.

तुम्ही काय केलंत? आधी बॉनेटला हातच लावला नाहीत. माझ्या पेट्या ओळखीच्या टेम्पोत चढवून कोल्हापूरला रवाना केल्यात, म्हणजे मालाची काळजी मिटली. मग म्हणालात, "गरम इंजिनाला मी हात लावत नाही. रात्री इथंच राहा." आणि चहा घेता घेता विचारायला लागलात. उभी गाडी तापते का चालती? सपाटीला वेगात तापते का नुसती चढाला? पाणी किती कमी होतं? धूर कुठल्या रंगाचा? मी सांगत होतो आणि तुम्ही एकेक शक्यता खोडत होतात. उभ्या गाडीला तापली तर पंख्याकडे बघायचं, सपाटीला वेगात तापली तर रेडिएटर आतून चोंदलेला असेल. आणि मग तो प्रश्न विचारलात, जो आजवर कोणी विचारला नव्हता: "घाटात काटा चढतो तेव्हा बॅटरीचा लाल दिवा मिणमिणतो काय रे?"

मिणमिणायचा! कितीदा बघितला होता, पण त्याचा पाण्याशी काही संबंध असेल असं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि जेवायला चल म्हणालात.

सकाळी गार इंजिनावर पहिली परीक्षा हेडची केलीत, कारण खर्चाची भीती तिथंच होती. रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केलीत आणि मला तोंडाशी वाकून बघायला लावलंत. गॅस्केट फुटलं असतं तर सिलिंडरातला गॅस पाण्यात घुसून बुडबुडे येत राहिले असते, रेस केल्यावर आणखी वाढले असते. झाकण परत लावल्यावर रेडिएटरचा वरचा होज पाइप गार असतानाच टणक झाला असता. डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, तेल दुधाळ दिसलं असतं. यातलं काही नव्हतं. तेल भरायच्या झाकणाखाली जरा पांढुरकी साय होती ती बघून मी घाबरलो, तर म्हणालात, आपल्याकडच्या दमट हवेत जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती धरतेच, डिपस्टिक स्वच्छ आहे ना, मग झालं. हेड शाबूत आहे हे कळलं तेव्हा मला किती मोकळं वाटलं ते तुम्हाला तिथं सांगता आलं नाही, इथं सांगतो.

मग रेडिएटरचं झाकण हातात देऊन त्याचं रबर दाखवलंत. चिरा पडलेल्या. त्यावर ०.९ बार कोरलेलं होतं. एवढा दाब धरला तर पाणी १०० ऐवजी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि दाब सुटला तर तेच पाणी घाटात लवकर उकळतं, कारण दर ३०० मीटर चढलं की उकळबिंदू अंशभर खाली येतो. एवढ्याशा झाकणावर इतकं अवलंबून असतं हे इतकी वर्षं गाडी चालवून मला ठाऊक नव्हतं. पण तुम्ही झाकणावर थांबला नाहीत. "हे साथीला आहे, मुख्य चोर दुसराच," म्हणालात.

तो चोर म्हणजे फॅन बेल्ट. वरून बघताना ताण बरोबर होता, अंगठ्यानं दाबला तर अर्धा इंच दबत होता. तुम्ही मला त्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवायला सांगितलंत. बोट काळं झालं आणि बेल्ट काचेसारखा गुळगुळीत लागला. तेल प्यायलेला. त्याच बेल्टवर पंखा, वॉटर पंप आणि डायनामो. सपाटीला तो कसाबसा फिरवत होता. चढाला इंजिन चढ्या आवाजात पळायला लागलं की घसरायचा, पंप मंदावायचा, पंखा मंदावायचा, आणि डायनामोही, म्हणून तो लाल दिवा. "कोरडा बेल्ट किंचाळतो, तेलकट बेल्ट गुपचूप घसरतो," हे तुमचं वाक्य मी आता भेटेल त्या ड्रायव्हरला सांगतो.

दुसरा कोणी असता तर बेल्ट बदलून मोकळा झाला असता आणि पंधरवड्यात नवा बेल्टही तेलकट झाला असता. तेल आलं कुठून, हे शोधायला तुम्ही अर्धा दिवस घातलात. इंजिन डिझेल आणि ब्रशनं धुतलंत, फडक्यानं कोरडं केलंत, आणि घरातून टाल्कम पावडरचा डबा आणायला लावलात. सगळ्या सांध्यांवर पावडर भुरभुरलीत. गाडी चालू ठेवून, रेस देऊन थांबलो. गळणारं तेल खाली उतरतं, वाऱ्यानं मागं जातं, म्हणून जिथं थेंब पडतो तिथं दोष नसतो, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधायचा, असं तुम्ही सांगत होतात. आणि पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटली. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पुढच्या कोपऱ्यातून निघालेली, टायमिंगच्या बाजूनं उतरत थेट क्रँकच्या पुलीवर. पुली ते तेल बेल्टवर उडवत होती. थोड्या वेळानं मागच्या कोपऱ्यातूनही तशीच एक रेघ, ब्लॉकच्या पाठीवरून खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशी. ज्याला क्रँकचं सील म्हणत होते ते हेच! गिअरबॉक्स उतरवला असता, सील बदललं असतं, आणि तेल पहिल्यासारखंच गळत राहिलं असतं.

टॅपेट कव्हरचं गॅस्केट कडक होऊन मेलेलं होतं. नवं बसवून तुम्ही गाडी देऊ शकला असतात. मी तर तयारच होतो. पण तुम्ही विचारलंत, पुढून मागून दोन्हीकडून तेल बाहेर ढकलतंय कोण? टॅपेट कव्हरवरून निघणारा, इंजिनातला गॅस बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप काढलात, वाकणात तो मऊ होऊन चपटा झाला होता आणि आत काळा चिकट गाळ. पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं थोडा गॅस खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. त्याला वाट हवी. वाट बंद झाली की तो दाब धरतो आणि जिथं रबर कमजोर तिथून तेल बाहेर काढतो. चढाला जोर जास्त, म्हणून गॅस जास्त, म्हणून गळती घाटानंतरच दिसायची. मग पाइप बदलून तुम्ही तेलाचं झाकण चालू इंजिनावर नुसतं उलटं ठेवलंत. ते थरथरलं, उडालं नाही. "रिंगा बऱ्या आहेत. अजून काही वर्षं बोअरचं, सिलिंडर घासून घ्यायचं, नाव काढू नको."

म्हणजे चपटा झालेला एक पाइप, त्यामुळं दाब, दाबानं गॅस्केटमधून तेल, तेलानं बेल्टचं घसरणं, बेल्टमुळं पाण्याचं तापणं. दोन वेगळे आजार म्हणून दोन ठिकाणी दोन मोठे खर्च सांगितले होते, आणि मूळ एकच निघालं.

थर्मोस्टॅटचंही सांगितलंच पाहिजे, कारण हे अजून सर्रास चालतं. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसं तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व. गाडी तापते म्हणून कोणीतरी तो काढून टाकला होता. तुम्ही रागावलात, एकदाच. या इंजिनात वॉल्व उघडला की बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद होते, वॉल्वच नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तिथल्या तिथं फिरत राहतो, आणि सपाटीला इंजिन गारच राहून डिझेल जास्त पितं. नवा वॉल्व बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून, तो त्याच्यावर लिहिलेल्या ८२ अंशांच्या आसपास उघडतो का ते मला दाखवलंत. रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूनं पाणी मारून धुतलीत तर रस्त्याच्या रुंदीकरणाची लाल धूळ आणि किडे यांचा चिखल बाहेर आला. साधं पाणी काढून कूलंट भरलंत. एवढं सगळं करून तुम्ही जे पैसे सांगितलेत ते माझ्या एका फेरीच्या भाड्याहून कमी होते.

निघताना घाटासाठी सांगितलेलं सगळं मी पाळतो. काटा चढायला लागला की हीटर पूर्ण चालू करायचा, बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद न करता मंद चालू ठेवायचं. उकळलंच तर बंद करायचं, झाकणाला हात लावायचा नाही, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, इंजिनाचं बीड (ओतीव लोखंड) तडकतं. आणि काटा एकदम खाली पडला तर खूश व्हायचं नाही: पाणीच इतकं उतरलेलं असू शकतं की सेन्सर कोरडा पडलाय.

त्यानंतर भर एप्रिलच्या दुपारी, पूर्ण लोड घेऊन, आंबा गावापर्यंत चढलोय. काटा अर्ध्याच्या वर गेलेला नाही. गाडीखाली रात्री पुठ्ठा ठेवतो, तो कोरडा असतो. तुम्ही मला तपासताना शेजारी उभं केलंत, प्रत्येक गोष्टीला माझा हात लावलात, कारण सांगितलंत, याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. गाडी तर वाचलीच, पण आता कोणी मला "इंजिन उतरवू या" म्हणालं तर का ते विचारायची हिंमत मला तुम्ही दिलीत.

वॉटर पंपाच्या खालच्या भोकावर लक्ष ठेवायला सांगितलं होतंत. परवापासून तिथं किंचित ओल दिसते आहे. पाऊस लागायच्या आत गाडी घेऊन येतो, तेव्हा खालचा होज पाइपही बघू. हापूस तुम्ही कौतुकानं घेता पण खाता रायवळ, हे काकूंनी सांगितलंय, तेव्हा मागल्या दारच्या झाडाचे रायवळ घेऊन येतो.

आपला,
पावसचा पिकअपवाला