रीगच्या चॅपलमधील लाकूडकाम

ती. आई आणि बाबांस साष्टांग नमस्कार.

इकडच्या जुन्या प्रार्थनास्थळांत लाकडावरचे काम पाहण्यासारखे आहे का, असे बाबांनी विचारले होते. फोनवर दोन वाक्यांत सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. उत्तर वेल्समध्ये कॉर्वेन गावाजवळ रीग नावाचे छोटे चॅपल आहे. कर्नल विल्यम सॉल्सबरी यांनी १६३७ साली ते आपल्या घराण्यासाठी बांधले. साध्या दगडी भिंती, उतरते छप्पर आणि वर एक लहान घंटा, एवढेच बाहेरून दिसते; आत काय आहे याचा अंदाजसुद्धा येत नाही.

आत पाऊल टाकताच नजर वर जाते. छपराच्या कमानदार कैच्या आणि तुळया वेलबुट्टीने आणि गुलाबांनी रंगवलेल्या आहेत, आणि छपराच्या पायथ्याशी लाकडाचे कापीव देवदूत उभे आहेत. मधोमध टांगलेले झुंबरही लाकडीच असून त्यावर पंख असलेल्या बालदूतांची मुखे कोरलेली आहेत. पश्चिमेच्या भिंतीशी कोरीव कठड्याचा सज्जा आहे. सावंतवाडीच्या लाखकामात जसा रंग लाकडाला झाकत नाही, उलट त्याला उठाव देतो, तसेच काहीसे येथे झाले आहे.

मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ती मात्र बाकांपाशी. बाकांच्या टोकांच्या फळ्या सुट्या नाहीत. जमिनीलगत आडव्या घातलेल्या लांब तुळयांतूनच त्या वर आलेल्या आहेत, आणि त्या तुळयांच्या कडेवर चित्रविचित्र प्राणी कोरलेले आहेत. ते नीट पाहायचे तर गुडघ्यांवर बसावे लागते. जिथे प्रार्थनेला आलेल्यांचे पायच तेवढे पोहोचत, तिथेही कारागिराने हात आखडता घेतलेला नाही, याचे मला फार कौतुक वाटले.

भिंतीवर एक मोठे चित्र आहे, ते आईला सुरुवातीला विचित्र वाटेल. त्यात आडवा पडलेला मानवी सांगाडा असून मृत्यूची आठवण करून देणाऱ्या वेल्श ओळी सोबत लिहिलेल्या आहेत. वर देवदूत आणि खाली नाशिवंत देह, अशी ही मांडणी विचारपूर्वक केलेली असावी, असे मला वाटते.

हे सगळे केव्हा घडले, तेही लक्षात घ्यायला हवे. प्रार्थनास्थळातली चित्रे आणि कोरीवकाम माणसाला मूर्तिपूजेकडे नेतात, असे मानणाऱ्या प्युरिटन पंथीयांचा जोर तेव्हा वाढत होता, आणि १६४२ साली तर इंग्लंडचा राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्धच पेटले. सॉल्सबरी हे राजाच्या बाजूने डेन्बीचा किल्ला लढवत राहिले आणि १६४६ मध्ये राजाची आज्ञा आल्यावरच त्यांनी तो खाली केला. अशा माणसाने बांधलेले हे रंगीत छप्पर केवळ हौसेचे नव्हते. देवाची उपासना सौंदर्याने करावी, हा त्यांचा ठाम पक्ष त्यातून उघड बोलतो.

एकोणिसाव्या शतकात येथे काही फेरफार झाले आणि रंगीत काचेच्या खिडक्या आल्या. त्या वाईट नाहीत, पण माझे मन जुन्या लाकडावरच राहिले. आज ‘कॅडू’ ही वेल्सची सरकारी वारसा संस्था ही वास्तू सांभाळते. आणखी एक गोष्ट बाबांना नक्की आवडेल. दिल्लीचे राष्ट्रपती भवन उभारणारे वास्तुरचनाकार एडविन ल्युटेन्स यांनी आपल्या कामावर या चॅपलचा प्रभाव पडल्याचे मान्य केले होते.

बाकांचे आणि तुळयांचे जवळून काढलेले फोटो दादाच्या फोनवर पाठवले आहेत. बाबा, ते मोठे करून पाहा आणि टोकाची फळी व खालची तुळई एकाच लाकडातून कोरली असेल की खाचेत बसवली असेल, ते तुमच्या अनुभवावरून मला अवश्य कळवा. उन्हाळ्यात तुम्ही दोघे इकडे आलात की आपण तिथे सकाळीच जाऊ, कारण आईला तिथे निवांत बसायला नक्की आवडेल.

तुमची लेक