रिसॉर्ट नको, शिफ्टची 10 मिनिटे द्या

संपादक महोदय,

गेल्या रविवारी आमच्या कारखान्याने ‘टीम बिल्डिंग’साठी आम्हाला लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टवर नेले. डोळ्यांना पट्टी बांधून दोरीचा चौकोन करा, फुगे फोडा, शेवटी एकसारखे टी-शर्ट घालून फोटो. जेवण झकास होते, त्याला नाव ठेवणार नाही. पण आमच्या लाइनवरची निम्मी पोरे कंत्राटी, ती बसमध्ये नव्हतीच. टी-शर्ट मोजून आणले होते.

मी सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशिनवर, सेटर आहे; टूल बसवून मापे लावून देणे हे माझे काम. पूर्वी पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसे 10 मिनिटे मशिनपाशी एकत्र असायची. ‘तीन नंबरच्या टूलचा इन्सर्ट जायच्या बेतात आहे, ऑफसेट दिलाय, दर पाचव्या पीसला बोअर तपास’, एवढे सांगून जाणारा हात पुसायचा. (इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाची कापणारी पात, ऑफसेट म्हणजे झीज भरून काढायला मापात केलेली दुरुस्ती, बोअर म्हणजे पीसचे आतले भोक.) काटकसरीत ती 10 मिनिटे गेली. आता जाणारा पंच मारून बसकडे पळतो. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या पाळीत 38 पीस रिजेक्ट झाले. इन्सर्टची कड तुटल्याचे सकाळच्या कंत्राटी पोराला ठाऊक होते, पण सांगणार कोणाला? लॉगबुकात त्याने लिहायचे नाही, रिजेक्शनच्या मीटिंगलाही त्याला बोलावले नाही.

जपानमध्ये 1962 पासून काओरू इशिकावांच्या पुढाकाराने क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातल्या अडचणी एकत्र बसून सोडवणारे कामगारांचे छोटे गट, सुरू झाली, आपल्याकडे 1980 मध्ये हैदराबादच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यात. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडेही होते. दर गुरुवारी एक तास, आठ जण, फळ्यावर दोषाची कारणे मांडायला माशाच्या काट्याची आकृती. एकदा पीसचे फिनिश (पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा) का बिघडतेय ते कुणालाच कळेना. झाडणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, ‘रात्रीचा बर लांब लांब निघतो, दिवसाचा तुकडे तुकडे.’ बर म्हणजे कापताना निघणारी धातूची साल. बघितले तर रात्रपाळीत फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी करून चालवत होते, म्हणून बर तुटत नव्हता. त्या दिवसापासून मावशींची खुर्ची आत आली, चहाही आमच्याबरोबरच.

पुढच्या वर्षी रिसॉर्टचे पैसे वाचवून दोन पाळ्यांमधली ती 10 मिनिटे पगारी करावीत, कंत्राटी पोरांसकट. आणि रविवार आमचा आम्हाला राहू द्यावा. घरी नळाचा वॉशर महिनाभर बदलायचा राहिलाय.

– एक सेटर, भोसरी
(विनंतीवरून नाव छापलेले नाही)