परसभर उंच, परसभर खोल

पणजी
शुक्रवार

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनिड’ या लॅटिन महाकाव्याचा पहिला सर्ग तू कोश हाताशी घेऊन एकट्याने वाचायला घेतलास, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. कामाच्या व्यापातून रोज पाच ओळी पुरवायच्या, हा तुझा नेमही आवडला. तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र चार ओळींत देता येणार नाही. ‘अल्तुस’ या विशेषणापुढे कोशात ‘उंच’ आणि ‘खोल’ असे दोन्ही अर्थ पाहून तुला आधी छपाईची चूक वाटली आणि मग लॅटिन भाषेविषयीच शंका आली, असे तू लिहिले आहेस. छपाईची चूक नाही. एका भाषेला वर आणि खाली यांसाठी एकच शब्द कसा पुरतो, या प्रश्नाने मलाही एके काळी पुष्कळ दिवस धरून ठेवले होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. पुल्लिंगी ‘अल्तुस’, स्त्रीलिंगी ‘अल्ता’, नपुंसकलिंगी ‘अल्तुम’. आपल्या ‘मोठा, मोठी, मोठे’सारखेच हे नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. मुळात ते विशेषण नसून ‘अलेरे’ म्हणजे पोसणे या क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित आहे. संस्कृतात ‘पुष्’ धातूला ‘त’ लागून ‘पुष्ट’ होते, तसेच येथे ‘अल्’ला ‘तुस’ लागून ‘अल्तुस’ झाले. हे दोन्ही प्रत्यय एकाच प्राचीन मूळ प्रत्ययाची रूपे आहेत. तेव्हा ‘अल्तुस’ म्हणजे आधी ‘पोसून वाढलेला’, आणि मग ‘वाढून लांबवर गेलेला’. याच धातूपासून ‘अलुम्नुस’, म्हणजे पोसलेले मूल, हा शब्द झाला. आज महाविद्यालये आपल्या माजी विद्यार्थ्यांना इंग्रजीतून त्याच नावाने बोलावतात. घटस्फोटानंतर मिळणाऱ्या पोटगीचा ‘ॲलिमनी’ हा इंग्रजी शब्दही याच धातूचा. तिकडे पोसण्यावरून आणि आपल्याकडे पोटावरून, असे दोन भाषांनी एकाच व्यवहाराचे नाव जवळजवळ सारख्याच रीतीने घडवले, याचे मला फार अप्रूप वाटते. जर्मन भाषेत ‘आल्ट’ म्हणजे वयाने वाढलेला, म्हातारा; तोही या शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे.

वाढ ही एकाच दिशेने होत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या तुला मी सांगायला नको. झाड वर वाढते तसे खालीही वाढते. व्हर्जिलने ‘जॉर्जिक्स’ या शेतीवरच्या काव्याच्या दुसऱ्या सर्गात द्राक्षवेल आणि मोठे वृक्ष यांच्या लागवडीतला फरक सांगितला आहे. वेल उथळ सरीत लावली तरी चालते, पण वृक्ष ‘अल्तिओर’, म्हणजे अधिक ‘अल्तुस’, रोवावा लागतो, असे तो म्हणतो. येथे अर्थ उघडच ‘अधिक खोल’ असा आहे. लगेच पुढच्या ओळींत तो एका जातीच्या ओक वृक्षाविषयी सांगतो की त्याचा शेंडा आकाशाकडे जितका जातो, तितकेच त्याचे मूळ पाताळाकडे जाते. मला तर वाटते की ‘अल्तुस’ची याहून चांगली व्याख्या कोणत्याही कोशात सापडणार नाही. शेंड्यापर्यंतची वाढ आणि मुळापर्यंतची वाढ या त्याच्या लेखी एकाच मापाच्या गोष्टी आहेत, आणि तो शब्द त्या दोन्हींना सारखाच लागू पडतो.

तू विचारशील की आपल्याला असे कधी सुचले आहे का. सुचले आहे, आणि तुझ्या-माझ्या डोळ्यांसमोर सुचले आहे. आमच्या मळ्यातली विहीर खणली तो उन्हाळा तुला आठवत असेल. विहीर किती झाली असे कोणी विचारले, की खणणारे ‘सहा परस झाली’, ‘सात परस झाली’ असे सांगत. हा ‘परस’ म्हणजे ‘पुरुष’ शब्दाचे बोलीतले रूप, उभ्या माणसाच्या उंचीवरून ठरलेले माप. माणसाची उंची घेऊन आपण खोली मोजत होतो, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नव्हती. पुढे ‘पुरुषभर पाणी’ आणि ‘पुरुषभर भिंत’ हे दोन्ही शब्दप्रयोग मी कितीदा ऐकले, वापरलेही. खाली उतरलेल्या गड्याला काठ उंच दिसत होता, काठावर ओणवे होऊन पाहणाऱ्या आपल्याला तळ खोल दिसत होता, आणि मधले अंतर तेच होते. लॅटिनने ते मधले अंतर धरले आणि त्याचे विशेषण केले. मराठीने ते मापापुरते ठेवले आणि विशेषणे मात्र पाहणाऱ्याच्या जागेप्रमाणे दोन केली.

रोमन सैनिकी लेखनात हे अगदी लख्ख दिसते. इ.स.पू. 52 मध्ये सीझरने गॉल (आजचा फ्रान्स) लोकांच्या अलेसिया या डोंगरी ठाण्याला वेढा घातला, त्याचे वर्णन त्याने स्वतः लिहिले आहे. ठाण्याच्या तटाखाली, पूर्वेकडच्या उतारावर, गॉल सैन्याने खंदक खणला होता आणि सुट्या दगडांची भिंत रचली होती, आपल्या कोकणात जिला गडगा म्हणतात तशी. या दोन्हींचे माप सीझर एकाच शब्दात देतो: ‘अल्तितूदो’ सहा फूट. भाषांतर करणाऱ्याला तेथे थांबावेच लागते. सहा फूट खोल खंदक आणि सहा फूट उंच गडगा, असे दोनदा लिहिल्यावाचून मराठीत सुटका नाही. सीझरला मात्र काही अडचण आली असेल असे वाटत नाही. खंदकातली माती काढून बांध घालणाऱ्या सैनिकाच्या दृष्टीने ती एकाच कामाची दोन तोंडे होती.

विरुद्धार्थी शब्दाकडे पाहिले की हा प्रकार योगायोगाचा नाही, याची खात्री पटते. ‘अल्तुस’च्या उलट ‘हुमिलिस’, म्हणजे ठेंगणा, जमिनीलगतचा. ‘हुमुस’ म्हणजे जमीन. हा शब्द फक्त उंचीच्याच बाबतीत चालेल असे आपण धरून चालतो. पण टॅसिटस या इतिहासकाराने, जर्मनीच्या अरण्यात इ.स. 9 मध्ये कापल्या गेलेल्या रोमन सैन्याची उद्ध्वस्त छावणी सहा वर्षांनी रोमनांना कशी दिसली हे सांगताना, ‘हुमिली फोस्सा’ असे शब्द वापरले आहेत. त्यांचा अर्थ ‘ठेंगणा खंदक’, म्हणजेच उथळ खंदक. थोडक्या माणसांनी, थकलेल्या हातांनी, घाईने खणलेला तो खंदक होता. म्हणजे ‘फार’च्या बाजूला जशी दिशा नव्हती, तशी ती ‘थोडे’च्या बाजूलाही नव्हती.

आता तू जेथे अडखळलास तेथे येतो. तुझ्या सर्गाच्या तिसऱ्याच ओळीत नायक जमिनीवर आणि ‘अल्तो’मध्ये पुष्कळ हेलकावे खातो. हे विशेषण येथे नाम म्हणून आले आहे आणि त्याचा अर्थ भर समुद्र असा आहे. चारच ओळींनंतर, सातव्या ओळीत, ‘अल्ताए मोएनिया रोमाए’ म्हणजे उंच रोमचा तट येतो. सव्विसाव्या ओळीत जूनो देवीच्या ‘अल्ता मेन्ते’, म्हणजे मनाच्या खोल तळाशी, पॅरिस या ट्रॉयच्या राजपुत्राने तिच्याविरुद्ध दिलेल्या निवाड्याचा राग साठून राहिलेला आहे. खवळलेला समुद्र, उद्याचे नगर आणि जुना डूख, या तिन्हींवर संपूर्ण काव्य उभे आहे, आणि पहिल्या सव्वीस ओळींत कवीने तिन्हींना एकाच विशेषणाने बांधून ठेवले आहे. हे त्याने जाणून केले, असे माझे मत आहे.

पुढे जाशील तेव्हा आणखी एका जागी सावध राहा. ओळ 110 मध्ये ‘अब अल्तो’ हे शब्द येतात, म्हणजे ‘अल्तुम’पासून, तेथे वारा तीन जहाजांना भर समुद्रातून उथळ वाळूच्या पट्ट्यांवर ढकलतो. ओळ 297 मध्ये नेमके तेच दोन शब्द पुन्हा येतात, आणि तेथे देवांचा राजा जुपिटर आपल्या मुलाला ‘अब अल्तो’ खाली पाठवतो, म्हणजे आकाशातून. शब्द तेच, विभक्ती तीच, सर्गही तोच. एकदा समुद्र, एकदा आकाश. येथे कोश काही सांगू शकत नाही. बोलणारा कोठे उभा आहे आणि काय कशाकडे जात आहे, एवढेच पाहावे लागते.

लॅटिन बायबलमध्येही असेच आहे, आणि तेही लूकच्या एकाच शुभवर्तमानात. दुसऱ्या अध्यायात देवदूत ‘इन अल्तिस्सिमिस’, म्हणजे परमोच्च स्थानी, देवाचा गौरव गातात. पाचव्या अध्यायात येशू ख्रिस्त सिमोन कोळ्याला सांगतात, ‘दूक इन अल्तुम’. याचे शब्दशः भाषांतर ‘उंचावर ने’ असे कोणी केले, तर होडी डोंगरावर चढवावी लागेल. तेथे अर्थ ‘खोल पाण्यात होडी ने’ असा आहे. रात्रभर जाळे टाकून काहीही न मिळालेल्या माणसाला ते सांगितले आहे. आणि अखेरच्या अध्यायात शिष्यांना ‘एक्स अल्तो’, म्हणजे वरून, सामर्थ्य मिळेल असे वचन दिले आहे.

झोप, शांतता, विचार यांनाही हे विशेषण लागते. ‘अल्तुस’ झोप म्हणजे आपली गाढ झोप. मराठीत ‘उच्च विचार’ वेगळे आणि ‘खोल विचार’ वेगळे. लॅटिनमध्ये दोन्ही या एकाच शब्दात मावतात, आणि भाषांतर करताना प्रत्येक वेळी आपल्याला एक बाजू सोडून द्यावी लागते. होरेस या रोमन कवीने आपल्या एका प्रसिद्ध गीतात लिसिनियस नावाच्या मित्राला सांगितले आहे की नेहमीच ‘अल्तुम’कडे होडी रेटू नये, आणि वादळाच्या भीतीने फार काठालाही चिकटू नये. त्याच गीतात पुढे तो शब्दप्रयोग आहे, ज्याला आपण सुवर्णमध्य म्हणतो. तेथे ‘अल्तुम’ म्हणजे भर समुद्र हे खरे. पण गीतात पुढे प्रचंड पाईन वृक्ष, उंच मनोरे आणि वीज पडणारी गिरिशिखरे येतात, तेव्हा आधीच्या शब्दातली उंचीही मागून जागी होते. मराठीत हे कसे आणावे, हे मला अजून साधलेले नाही.

एक म्हण तुला नक्की आवडेल. कुर्तिउस रुफुस या लेखकाने अलेक्झांडरच्या इतिहासात मध्य आशियातल्या बॅक्ट्रियाच्या लोकांची म्हण दिली आहे: जी नदी सर्वांत ‘अल्तुस’, ती सर्वांत कमी आवाज करत वाहते. आपल्या ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ या म्हणीची ही दुसरी बाजू झाली. त्याच्या आधी, त्याच बोलण्यात, भित्रा कुत्रा चावण्यापेक्षा भुंकतो जास्त, ही म्हणही आहे. बॅक्ट्रिया आपल्यापासून किती दूर, आणि म्हण मात्र दारातली!

लॅटिनच्या मुलींनी पुढे वाटणी केली. इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘आल्तो’ म्हणजे मुख्यतः उंचच उरला, आणि खोलीसाठी दुसरे शब्द पुढे आले. पण समुद्राने जुना अर्थ सोडला नाही. पोर्तुगीज माणूस अजूनही भर समुद्राला ‘आल्तु मार’ म्हणतो. ‘आल्ताश ओराश’ म्हणजे रात्रीचे पुष्कळ उशिराचे तास, आपली उत्तररात्र. त्यातही उंचीपेक्षा खोलीच अधिक जाणवते. मी राहतो त्या पणजीत आल्तिनोची टेकडी आहे, जिच्यावर आर्चबिशपांचा वाडा आणि जुन्या लिसेवची, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेची, इमारत आहे. आल्तिनो म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘लहानशी उंच जागा’. मांडवीपलीकडे आल्तो पर्वरी आहे. येथल्या चर्चमधल्या गायकवृंदात ‘आल्तो’ नावाचा आवाज असतो. स्त्रियांच्या आवाजांत तो खालचा, तरी त्याचे नाव ‘उंच’, कारण मूळच्या रचनेत तो पुरुषांच्या ‘टेनर’ या आवाजाच्या वर गायिला जात असे. रोज संध्याकाळी मी आल्तिनोचा चढ चढतो, आणि माथ्यावरून मांडवी समुद्राला मिळते तिकडे पाहतो, तेव्हा ज्या टेकडीवर उभा आहे ती आणि समोरचे ते पाणी, दोन्हींना व्हर्जिलने एकच शब्द दिला असता, हे दर वेळी मनात येते.

म्हणून माझी तुला कळकळीची विनंती आहे की तुझ्या वहीत ‘अल्तुस’पुढे एक उंच, दोन खोल, असे क्रमांक घालू नकोस. ‘पोसून दूरवर वाढलेला, दिशा संदर्भावरून’ एवढेच लिही. मग ओळ वाचताना आधी दृश्य पाहावे लागेल आणि मराठी शब्द त्यानंतर सुचेल. ते हळू होईल, पण व्हर्जिलला घाई नाही.

‘जॉर्जिक्स’मधल्या त्या वृक्षाच्या ओळी मी वेगळ्या कागदावर उतरवून सोबत पाठवत आहे. त्यांतल्या ‘अल्तिओर’ला तू मराठीत काय म्हणतोस, ते मला कळव. आणि तुमच्याकडे विहिरीखेरीज भिंत किंवा गंजी मोजतानाही अजून कोणी ‘परस’ म्हणते का, तेवढे जुन्या माणसांना विचारून लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत